थोरल्यांच्या शेवटच्या बारा टेपा

माझी धाकटी बहीण चहाला कधी नाही म्हणाली नाही. होही म्हणाली नाही. एकोणीस वर्षं तिला कुठलाही प्रश्न विचारला की ती मायेने बघायची आणि म्हणायची, "उत्तर यायचंय." जणू उत्तर सकाळीच घरून निघालंय आणि वाटेत कुणीतरी भेटल्यामुळे बोलत उभं राहिलंय.

चहाच्या बाबतीत हे चालून जायचं. कप पुढे ठेवला की ती प्यायची. पण या वर्षाच्या सुरुवातीला तिच्या हृदयाची एक झडप कामातून गेल्याचं निघालं, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून विचारलं, शस्त्रक्रिया करायची ना? धाकटी म्हणाली, "उत्तर यायचंय." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की रुग्ण शुद्धीवर आहे, शहाणी आहे, तेव्हा सही तिचीच लागेल. भावाची चालणार नाही. आणि वेळ तीन महिन्यांचा आहे, त्यानंतर सही मिळाली तरी उपयोग नाही.

मी एकतीस वर्षं एका दैनिकात दर रविवारी टवाळी लिहीत असे. मंत्री, कंत्राटदार, कवी, सगळ्यांची. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची आणि संपादक त्याचा पगार द्यायचे. कुणी बोलताना जरा थांबला की त्या फटीत काहीतरी सरकवल्याशिवाय मला राहवत नाही. शोकसभेतही राहवत नाही. या सवयीपायी दोन मित्र आणि एक मेहुणा गमावला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते या सवयीमुळे झालं.

ज्या माणसाने धाकटीला असं करून ठेवलं त्याला सगळे 'थोरले' म्हणत. बारा वर्षांपूर्वी ते गेले. मुळात ते कानाची मशीनं दुरुस्त करायचे. बूटवाला आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये हातभर रुंदीचं दुकान होतं. मशीन दुरुस्त झालं की ते गिऱ्हाइकाच्या कानात बसवायचे, पाठ फिरवून उभे राहायचे आणि हळूच एक प्रश्न विचारायचे. आज वार कोणता? उत्तर आलं की मशीन चालू. काही वर्षांनी ते विचारू लागले, जेवलात का? मग एके दिवशी त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, आणि उत्तराची वाट बघत पाठमोरे उभे राहिले. म्हातारा तासभर रडला. दुसऱ्या आठवड्यात कान ठणठणीत असलेली माणसं दुकानासमोर रांग लावून उभी होती.

त्यांची शिकवण पोस्टकार्डावर मावेल एवढी होती. तुम्ही दिवसभर देता ती उत्तरं नव्हेत, पळवाटा आहेत. कुणी काही विचारलं तर थांबा. उत्तर देणारा निराळा आहे, तो यायचा आहे. एवढंच. एवढ्यावर तीन मजली इमारत उभी राहिली आणि तिला 'निवास' असं नाव पडलं.

लोक आधी हसले. नवरे बायकांना विचारत, जेवण झालं का, आणि बायका म्हणत, उत्तर यायचंय. मग एका माणसाच्या घराला आग लागली. बंबवाल्यांनी त्याला विचारलं, आत कुणी आहे का? तो शांतपणे म्हणाला, उत्तर यायचंय. आत त्याची आई होती.

निवासावर दगड पडले, चौकशी बसली. चौकशीत काही सिद्ध झालं नाही, कारण साक्षीदारांना प्रश्न विचारावे लागतात. त्या रविवारी मी 'कर्णपिशाच्चाचं दुकान' नावाचा लेख लिहिला. फार गाजला. पुढच्या रविवारी धाकटी बॅग घेऊन निवासात राहायला गेली. मला म्हणाली होती, दादा, एकदा येऊन ऐक तरी. मी म्हणालो होतो, माझे कान चांगले आहेत, दुरुस्तीला टाकायची गरज नाही.

असो.

डॉक्टरांची मुदत सुरू झाल्यावर मी निवासाच्या व्यवस्थापकांना भेटायला गेलो. हे गृहस्थ कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरतात आणि बोलतात त्याहूनही कमी उघडतात, म्हणून मनातल्या मनात मी त्यांचं नाव 'कुलूप' ठेवलं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. कुलूपांनी मला खुर्ची दिली, आणि कपाटातून खोक्यात ठेवलेल्या बारा टेपा काढून टेबलावर रचल्या.

प्रवचनांच्या एकूण साठ टेपा. त्यातल्या अठ्ठेचाळीस धाकटीनेच ऐकून कागदावर उतरवल्या होत्या. उरलेल्या बारांना कुणी हात लावायचा नाही, असं थोरल्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या एका अविश्वासी माणसाने उतरवायच्या.

मी म्हणालो, या जागेसाठी माझ्याएवढा पात्र उमेदवार तुम्हाला मिळणार नाही. कुलूप हसले नाहीत. म्हणाले, "बारा टेपा उतरल्या की ताई मोकळ्या. तसंही लिहून ठेवलंय."

मोकळ्या म्हणजे काय, हे मी विचारलं. काय उत्तर मिळालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

काम मला दुसऱ्या मजल्यावर दिलं. पूर्वेकडे खिडकी, लोखंडी टेबल, कागदाचा गठ्ठा, टेपचं जुनं यंत्र, आणि त्याला जोडलेली, पायाने दाबायची पट्टी. पट्टी दाबली की टेप चालते, पाय उचलला की थांबते, पुन्हा दाबली की दोन शब्द मागे जाऊन सुरू होते. उतरवणाऱ्याचे हात लिहायला मोकळे राहावेत म्हणून ही सोय. पट्टीचं रबर एका बाजूने झिजलं होतं. धाकटीचा उजवा पाय लहानपणापासून जरा आत वळलेला आहे. झीज तशीच होती. सकाळी दहा ते एक मी काम करायचो. धाकटी खिडकीपाशी स्टुलावर बसून बटणं शिवायची. टेप ऐकायचा हेडफोन बिघडलेला असल्यामुळे आवाज खोलीभर ऐकू यायचा.

पहिल्या टेपेतला आवाज ऐकून माझी निराशा झाली. मला वाटलं होतं, गडगडाट तरी असेल. हा तर खिडकीपलीकडून तिकीट देणाऱ्या माणसाचा आवाज. सपाट, जरा सर्दीचा. थोरले पाच-सात वाक्यं बोलायचे, मग एक प्रश्न विचारायचे, मग थांबायचे. टेप नुसती खरखरायची. आणि मग एकदम शे-दोनशे माणसांचा हशा.

भाषण उतरवताना अशा जागी कंसात 'हशा' लिहितात. मी लिहिलं. पण हसण्यासारखं कुणी काही बोललंच नव्हतं. भाडोत्री हसणारे, मी मनाशी म्हणालो. आमच्या दैनिकाच्या वर्धापनदिनालाही दोन ठेवलेले असत.

दुसऱ्या टेपेत थोरल्यांनी विचारलं, "माणूस शहाणा कधी होतो?" आणि थांबले.

फट दिसली. मी लिहिता लिहिता पुटपुटलो, "निवृत्त झाल्यावर. तेव्हा ऐकणारं कुणी उरलेलं नसतं."

हशा झाला. अगदी वेळेवर. माझं 'नसतं' संपलं, आणि दमभराने. एकतीस वर्षं लोकांना हसवायच्या धंद्यात असलेल्या माणसाला तो दम कळतो. तो कुणी शिकवून येत नाही. आधी एक बाई हसली, मग सगळे, मग मागे कुणीतरी उशिरा कळल्यामुळे एकटाच. मला मनापासून बरं वाटलं, हे कबूल करतो. निवृत्तीनंतर एवढं कुणी हसलं नव्हतं.

योगायोग, मी म्हणालो. पायाने टेप मागे घेतली आणि गंमत म्हणून त्याच जागी एक शिळा विनोद टाकला, सासूबाईंचा. टेपेवर दोन-चार जणांनी हसल्यासारखं केलं आणि खोकला आला.

मी पाय उचलला. धाकटी बटण शिवत होती. दोरा दातांनी तोडून तिने दुसरा घेतला.

पुन्हा मागे घेतली. या वेळी गप्प बसलो. थोरले विचारतात, माणूस शहाणा कधी होतो. खरखर. खुर्ची सरकल्याचा आवाज. खरखर. कुणीच हसलं नाही. मग थोरले म्हणाले, "घाई नाही," आणि पुढच्या विषयाकडे वळले.

हे वाक्य आधीच्या दोन खेपांना नव्हतं. कागदावर मी लिहिलेलंच नव्हतं.

मी विचारी माणूस आहे. यंत्र जुनं आहे, टेप ताणली गेली असेल, दोन प्रवचनं एकावर एक मुद्रित झाली असतील, असं सगळं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी घरून माझं छोटं यंत्र नेलं आणि त्यावर तीच टेप लावली. गप्प बसलो तर शांतता. वाईट बोललो तर खोकला. चांगलं बोललो तर हशा. इतका प्रामाणिक श्रोतृवर्ग मला आयुष्यात लाभला नव्हता, आणि खोक्यावरच्या तारखेप्रमाणे तो एकोणीस वर्षांपूर्वीचा होता.

त्या दिवसापासून खोलीत शिरायला नको वाटायचं. तरी जात राहिलो. डॉक्टरांच्या तीन महिन्यांपैकी पाच आठवडे संपले होते. जिना चढताना धाकटी आता प्रत्येक वळणावर थांबू लागली होती आणि थांबणं चोरायला भिंतीवरची जाहिरात वाचल्यासारखं करायची. तिथे जाहिरात नव्हती.

एक गोष्ट माझ्या आणखी लक्षात आली. मी गप्प राहिलो ते पान पूर्ण व्हायचं नाही. थोरले "घाई नाही" म्हणायचे, आणि टेप संपत आली की तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि टेप संपायचीच नाही. एकदा चाळीस मिनिटांच्या बाजूवर मी सव्वा तास खरखर ऐकत बसलो. शेवटी तोंडातून काहीतरी निघालं, लोक हसले, आणि यंत्र खट्‌ करून थांबलं.

तेव्हा मी उत्तरं देत गेलो. दुसरा मार्ग नव्हता.

धाकटीशी बोलायची एक युक्ती मला एव्हाना साधली होती. तिला विचारायचं नाही, सांगायचं. तुला चहा हवाय का, यावर तिचं उत्तर यायचं असायचं. पण 'तुझा चहा गार झाला असेल' म्हटलं की ती सरळ बोलायची. आठवी टेप संपली त्या दुपारी मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि रस्त्याकडे बघत म्हणालो, "थोरले प्रश्न विचारून थांबायचे, तेव्हा सभागृहात कुणी काही बोलत नसेल."

"बोलायचा एकजण," धाकटी म्हणाली. "मागून. शेवटच्या रांगेच्याही मागून."

"कुणी तरी ओळखीचा असेल."

"आम्ही वळून बघायचो नाही. आवाज ऐकायचो." तिने बटणाला गाठ मारली. "फार हसवायचा. चेष्टेखोर होता, पण मनाने वाईट नव्हता. थोरलेही त्याच्यासाठी थांबायचे. बाकी कुणासाठी नाही."

पुढचं वाक्य सांगायला माझ्याकडे नव्हतं. विचारायचं तेवढं होतं, आणि ते विचारून उपयोग नव्हता. मी काचेवर बोट फिरवत राहिलो.

मग तीच म्हणाली, "तू येणार नाहीस म्हणालास, दादा. मी इथे आले आणि पहिल्याच दिवशी मागून तुझा आवाज आला. मला वाटलं, भांडणानंतर तोंड दाखवायला लाजतोय, म्हणून मागे बसतोय. रोज यायचास. म्हणून तर मी राहिले."

रस्त्यावर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्याचे सगळे झटके मी मोजले. अठरा.

त्या वर्षी मी एकदाही निवासाच्या रस्त्याने गेलो नव्हतो. रविवारच्या लेखांच्या तारखा आहेत माझ्याकडे. मी कुठे होतो, काय लिहीत होतो, सगळं दाखवता येईल. पण कुणाला दाखवणार?

नववी, दहावी, अकरावी. मी आता विनोद कमी आणि उत्तरं जास्त देत होतो. श्रोतेही बदलले होते. हशा मऊ झाला होता, घरातल्या माणसांसारखा. त्यात धाकटीचं हसू मला ओळखू यायचं. तरुण, नाकातून निघणारं, मध्येच अडकणारं. हे हसू मी घरात शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

अकराव्या टेपेनंतर धाकटीला रात्रभर धाप लागली होती, असं कुलूपांनी सकाळी सांगितलं. डॉक्टरांनी संमतीपत्र माझ्याकडे देऊन ठेवलं होतं. बारावी टेप लावायच्या आधी मी ते लोखंडी टेबलावर ठेवलं, वर पेन ठेवलं. धाकटीला म्हणालो, तुझ्या सहीची जागा खाली उजवीकडे आहे. ती म्हणाली, "दिसतेय." स्टूल ओढून ती टेबलाजवळ बसली. त्या दिवशी बटणं आणली नव्हती.

या टेपेत श्रोते नव्हते. ते लगेच कळतं. रिकाम्या सभागृहाचा आवाज वेगळा असतो. थोरले जास्त म्हातारे वाटत होते. बराच वेळ त्यांनी कानाच्या मशीनबद्दल सांगितलं. मशीन कितीही चांगलं असलं तरी तपासायला दोघं लागतात म्हणाले. एक विचारणारा, एक उत्तर देणारा. लोक म्हणतात मी फार बोललो. मी जन्मभर फक्त विचारलं. आता दमलो.

मग म्हणाले, "जी माणसं माझ्यापाशी थांबून राहिली त्यांना मोकळं करायचं आहे. त्यांची उत्तरं त्यांना परत देऊन टाकू. पण मग विचारणार कोण?"

आणि थांबले.

मी ओठ घट्ट मिटले.

एवढ्या दिवसांत मी काही शिकलो असेन तर ते हेच, की या फटीत हात घालायचा नाही. खरखर चालू होती. भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून सात मिनिटं दाखवत होतं.

बारा मिनिटं. पंधरा. पट्टीवरचा पाय बधिर झाला.

धाकटी माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ निळसर दिसत होते. गळ्याच्या खाली, कॉलरपाशी, कातडी भराभर उडत होती.  तिने फक्त संमतीपत्रावरचं पेन उचललं, हातात धरलं, आणि थांबली. जशी ती एकोणीस वर्षं थांबली होती.

वीस मिनिटं.

मी पाय उचलून यंत्र बंद करू शकत होतो. घरी जाऊ शकत होतो. तीन महिन्यांतले नऊ दिवस उरले होते.

आणि खरं सांगायचं तर मला वाक्य सुचलं होतं. पहिल्या मिनिटालाच सुचलं होतं. चांगलं वाक्य तोंडात धरून ठेवणं म्हणजे काय असतं ते धंद्यातल्या माणसालाच कळेल.

"विचारायला कुठे अक्कल लागते?" मी म्हणालो. "मीसुद्धा विचारीन."

कुणी हसलं नाही.

रिकाम्या सभागृहात खुर्ची मागे सरकली. पावलं वाजली. ती माझ्याकडे येत होती की माझ्यापासून दूर जात होती, हे खरखरीत कळेना.

"बरं," थोरले म्हणाले. अगदी जवळून, आणि सुटका झाल्यासारखे.

यंत्र खट्‌ करून थांबलं.

धाकटीने सही केली. एका दमात, पूर्ण नावाने. मग मान वर करून म्हणाली, "करून टाकू, दादा. मला जगायचंय." एवढं बोलून ती पोरीसारखी रडली, आणि मीही. बाहेर वरांड्यात दारं उघडत होती. कुणीतरी कुणालातरी विचारलं, वाजले किती, आणि तिसऱ्याने पटकन सांगितलं, अकरा एकतीस. कुलूप जिन्याच्या तोंडाशी किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरून उभे होते. मला बघून वाकले.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. आठव्या दिवशी मी धाकटीला घरी आणलं. ती आता बोलते, आणि काय बोलते! चहा हवा का विचारलं तर हवा म्हणते, साखर किती ते सांगते, कालचा पांचट होता हेही सांगते. बाजारात जाते, घासाघीस करते, शेजारच्या मुलीला गणित शिकवते. एकोणीस वर्षांचं तुंबलेलं बोलणं. मी खुर्चीत बसून ऐकतो. गेलेलं माणूस परत मिळालं की त्याची कटकटही गोड लागते.

आता पुढचं.

दवाखान्यातून निघायच्या दिवशी डॉक्टर भेटायला आले होते. मी बाकावर गप्प बसलो होतो, कागद तपासत होतो. ते समोर उभे राहिले, आणि म्हणाले, "नाही, पूर्ण खात्री नव्हती मला. मधे एकदा हात थरथरला." मी चकित होऊन बघितलं. मोकळ्या स्वभावाचा माणूस दिसतो, असं मनात म्हणालो.

दोन दिवसांनी भाजीवाला वजन करता करता म्हणाला, "हो काका, काटा थोडा मारलेलाच आहे. सगळ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी वेगळा नाही." मी हसलो. विनोद करायला तोंड उघडलं, पण काही सुचेना. भाजी घेऊन परत आलो.

माझ्या जुन्या संपादकांचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर ते बोलता बोलता थांबले. मोठी फट होती. पूर्वी मी तिच्यात अख्खा लेख बसवला असता. मी नुसता कानाला फोन लावून बसलो. मग ते दबलेल्या आवाजात म्हणाले, "मत्सर. दुसरं काय? तुझ्या चांगल्या ओळी मीच कापायचो." आणि कितीतरी वेळ सांगत राहिले, कुठल्या ओळी, कुठल्या रविवारी. मी त्यांना काहीही विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी पाचच्या सुमाराला वरच्या मजल्यावरच्या काकू धाकटीची चौकशी करायला आल्या. शिस्तीच्या बाई. तीन वर्षांपूर्वी यांचे यजमान आमच्याच जिन्यावरून पाय घसरून पडले आणि गेले. खाली उचलून नेणाऱ्या चौघांत मी होतो. धाकटीने त्यांच्यासमोर चहा ठेवला. पथ्यपाणी, औषधांची नावं, हवा फार दमट आहे, असं सगळं बोलणं झालं. मी माझ्या खुर्चीत होतो. बोलणं संपलं आणि खोली क्षणभर शांत झाली.

काकूंनी कप बशीत ठेवला. आवाज न करता.

"हो," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "घसरले नाहीत. मीच ढकललं."

मला सांगायचं होतं, काकू, मी काही विचारलेलं नाही. जीभ हलली नाही. काकू बघत होत्या, एखाद्याचं पुढचं वाक्य नीट ऐकू यावं म्हणून बघतात तशा, डोकं जरा कलतं करून. मग त्यांनी मान डोलावली.

"एका हाताने," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हातात दुधाची पिशवी होती."

धाकटीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "सावकाश सांगा," ती म्हणाली, "दादाला वेळ आहे." काकू सहा वाजेपर्यंत बोलत होत्या. मधून मधून थांबायच्या, ऐकायच्या, आणि पुन्हा बोलायच्या. शेवटी त्यांनी पदराने चेहरा पुसला. कितीतरी हलकी दिसत होती ती बाई. माझ्या पाया पडायला वाकल्या तेव्हा मी पाय मागे घेतले.

धाकटीने त्यांच्यासाठी दार उघडलं.

जिन्यावर माणसं बसली होती. प्रत्येक पायरीवर एक, भिंतीला टेकून, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. काही तोंडओळखीची, बरीचशी अनोळखी. वळणापलीकडे किती होती ते दिसत नव्हतं. काकू उतरू लागल्या तसे त्यांनी एकेकाने गुडघे आवरून वाट दिली.

"दादा, पुढच्यांना आत घेऊ?" धाकटीने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग दाराच्या दुसऱ्या फळीचाही अडसर काढला.